घोटाळ्याची रक्कम उलाढालीच्या मानाने छोटी असते, मग अख्खी सरकारी कंपनी का बसते?

काठावरचा:

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारून टाकतो. कुठल्याही देशातल्या सरकारी कंपनीचा घोटाळा घ्या, चौकशीत लाच म्हणून जो आकडा पुढे येतो तो ऐकायला प्रचंड असतो पण कंपनीच्या उलाढालीशी लावून बघितला तर किरकोळ वाटतो. ब्राझीलची तेल कंपनी पेट्रोब्रास, २०१४ मध्ये तिथे लावा जातो नावाचा तपास सुरू झाला, त्यात टक्केवारी कंत्राटाच्या ३ टक्क्यांच्या आसपास असायची असं बाहेर आलं, आणि २०१५ मध्ये कंपनीने स्वतःच्याच हिशेबात भ्रष्टाचारापोटी ६.२ अब्ज रेआल बुडीत दाखवले, म्हणजे तेव्हाचे साधारण २ अब्ज डॉलर. आता या कंपनीची वर्षाची उलाढाल तेव्हा १०० अब्ज डॉलरच्या वर होती. मग सरळ गणिताने नफा थोडा कमी व्हायला हवा, बास. पण तसं होत नाही ना, कंपन्या कर्जात बुडतात, वीज जाते, ट्रेन बंद पडतात, सरकारी दवाखान्यात सलाईन मिळत नाही. ३ टक्के खाल्ले तर ९७ टक्के काम तरी व्हायला हवं की नाही? ते का होत नाही हे मला समजून घ्यायचंय.

आणि जोडीला दुसरा प्रश्न, खाजगीकरण हा यावर उपाय आहे का नुसतीच दारावरची पाटी बदलते? कृपया कुठल्या पक्षाने जास्त खाल्लं यावर धागा नेऊ नका, यंत्रणा आतून कशी सडते ते हवंय.

जुना_खरेदीवाला:

मी एका सरकारी कंपनीच्या खरेदी खात्यात नोकरी केलीये, कंपनीचं नाव सांगणार नाही. ३ टक्के हा तोटा नाहीये हो, ती फक्त दलाली आहे. ज्याने ते ३ टक्के वर पोचवायचे त्याला आधी कंत्राट मिळालं पाहिजे, मग त्यात ते ३ टक्के आणि वर स्वतःचा नफा सुटला पाहिजे, आणि सरळ मार्गाने दोन्ही जमत नाही म्हणून प्रत्येक पायरीवर काहीतरी वाकवावं लागतं.

सुरुवात स्पेसिफिकेशनपासून. टेंडर निघायच्या आधीच निकाल लागलेला असतो. समजा पंप घ्यायचेत. गरज काय, तर इतकं पाणी इतक्या उंचीवर चढवायचं. एवढंच लिहिलं तर खूप जण भरतील. मग अटी घुसवतात, अमुकच मापाची फ्लँज (पाइप जोडायची चकती), गेल्या ३ वर्षांत बरोबर याच क्षमतेचे पंप दिल्याचे दाखले, उलाढाल अमुक. प्रत्येक अट सुटी वाचली तर शहाणपणाचीच वाटते, ऑडिटवाल्याला बोट ठेवायला जागा नाही, पण सगळ्या एकत्र धरल्या की एकच पुरवठादार त्यात बसतो. सोबतीला त्याच्याच ओळखीतले दोघं चढ्या दराने टेंडर भरतात, म्हणजे कागदावर तीन निविदा आल्या, स्पर्धा झाली. दुसरा प्रकार याच्या उलट, मुद्दाम कमी दर भरून काम घ्यायचं आणि नंतर वाढीव काम, मुदतवाढ असं करत बिल फुगवत न्यायचं. पेट्रोब्रासचाच आब्रेउ ई लिमा तेलशुद्धीकरण प्रकल्प बघा, सुरुवातीचा अंदाज अडीच अब्ज डॉलरच्या आसपास होता तो १८ अब्जांच्या घरात गेला. सगळीच वाढ लाचेमुळे झाली असं म्हणणार नाही, पण ज्यांनी ती रोखायची त्यांचाच बिलात वाटा असेल तर रोखणार कोण? बिल जेवढं मोठं तेवढे ३ टक्के मोठे.

पण पैशापेक्षा मोठं नुकसान पुढे होतं, माल ताब्यात घेताना. आमच्याकडे एकदा बेअरिंगचा लॉट आला. खोके नामांकित कंपनीचे, छपाई नीट, बिल नीट. तपासणीला बसलेल्या इंजिनिअरने एक बेअरिंग हातात घेऊन कानाजवळ फिरवलं, त्याला आवाज पटला नाही. मग रिंगवरचा नंबर बघितला तर तो कोरलेला नव्हता, शाईने छापलेला होता, रॉकेलच्या बोळ्याने सरळ पुसला गेला. त्याने व्यवस्थित कारणासकट शेरा मारला, माल नापास. मग वरून फोन सुरू झाले, तो ऐकेना, आणि त्याची बदली निघाली अशा जागी की जिथे तपासायला काही येतच नाही. त्याच्या जागी आलेल्याने तोच लॉट पास केला. पुढे पंप तापून बंद पडले, गळती सुरू झाली, ते सगळं झालंच. पण मला जास्त लागलेली गोष्ट म्हणजे खात्यातल्या प्रत्येकाला कळलं की इथे नापास लिहायचं नाही. त्यानंतर तपासणीवाल्याला कुणी लाच द्यायचीसुद्धा गरज उरली नाही, चांगला वाईट सगळा माल आपोआप पास. हा तोटा कुठल्या चौकशीत मोजणार आणि कुठल्या टक्क्यात बसवणार?

अजून एक, देखभालीत मलई नसते. जुनं मशीन वेळेवर उघडून साफ करून परत बसवलं तर त्याचं ना उद्घाटन होतं ना मोठं कंत्राट निघतं, नवीन घेण्यात दोन्ही आहे. म्हणून बजेटला कात्री लागते ती आधी देखभालीला.

कोळशाची_राख:

वर जे बेअरिंगचं लिहिलंय तेच अख्ख्या देशाच्या पातळीवर बघायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेची एस्कॉम बघा, मी स्वतः वीजक्षेत्रात आहे त्यामुळे या केसच्या मागे बराच लागलोय. १९२३ पासूनची सरकारी वीज कंपनी, २००१ मध्ये फायनान्शियल टाइम्सच्या एनर्जी अवॉर्ड्समध्ये जगातली त्या वर्षीची सर्वोत्तम वीज कंपनी ठरली होती. आणि २०२३ मध्ये तिथे वर्षातले ३३० पेक्षा जास्त दिवस लोडशेडिंग होतं.

सगळं चोरीमुळे झालं नाही हे आधीच सांगतो. १९९८ च्या सरकारी ऊर्जा धोरणातच इशारा होता की २००७ च्या सुमारास वीज कमी पडायला लागेल, तरी नवीन केंद्रांना वेळेवर मंजुरी मिळाली नाही आणि बरोबर २००७ च्या अखेरीस लोडशेडिंग सुरू झालं. त्याच सुमारास घाईघाईत मेडुपी आणि कुसिले ही दोन अवाढव्य कोळसा केंद्रं काढली, प्रत्येकी ४,८०० मेगावॅटच्या आसपास. घाई आणि मोठं कंत्राट एकत्र आलं की दार उघडंच असतं. बॉयलरचं काम गेलं हिताचीच्या तिथल्या उपकंपनीकडे, आणि त्या उपकंपनीत २५ टक्के भागीदारी कुणाची, तर सत्ताधारी एएनसी पक्षाची गुंतवणूक सांभाळणाऱ्या चॅन्सेलर हाऊसची. म्हणजे विकत घेणारं सरकार ज्या पक्षाचं, विकणाऱ्यातला वाटाही त्याच पक्षाचा. २०१५ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने हे प्रकरण उचललं तेव्हा हिताचीने १.९ कोटी डॉलर भरून ते मिटवलं. दरम्यान मेडुपीच्या बॉयलरमधले वेल्डिंगचे हजारो जोड सदोष निघाले, ते परत करावे लागले, दोन्ही केंद्रं वर्षानुवर्षं रखडली आणि खर्च कैक पटींनी वाढला. आता धागाकर्त्याच्या प्रश्नाला धरून सांगतो, १.९ कोटी डॉलर हा एस्कॉमच्या मानाने खरंच चिल्लर आकडा आहे, पण ४,८०० मेगावॅट वेळेवर न मिळाल्याने कारखाने, शेती, दवाखाने यांचं जे गेलं ते कुठल्याच दंडाच्या पावतीवर येत नाही.

मग गुप्ता बंधूंचा काळ, म्हणजे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या जवळचे भारतीय वंशाचे उद्योजक भाऊ. ऑप्टिमम नावाची कोळसा खाण ग्लेनकोर कंपनीकडे होती, एस्कॉमला ठरलेल्या जुन्या दराने कोळसा देताना तोट्यात चालली होती म्हणून त्यांनी दर वाढवून मागितला. एस्कॉमने नकार दिला आणि वर कोळशाच्या दर्जावरून २.१७ अब्ज रँडचा दंड लावला. खाण दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि गुप्तांच्या टेगेटा कंपनीने ती विकत घेतली. विकत घ्यायला पैसे कमी पडत होते तर एप्रिल २०१६ मध्ये एस्कॉमने रात्री उशिरा बैठक घेऊन टेगेटाला कोळशापोटी ६५९ दशलक्ष रँड ॲडव्हान्स मंजूर केला. ज्या कंपनीने खाणमालकाला एक रुपया वाढवून दिला नाही तिनेच नव्या मालकाला खाण घ्यायला पैसे पुरवले. हे सगळं आधी तिथल्या पब्लिक प्रोटेक्टर (सरकारी कारभाराची चौकशी करणारा स्वतंत्र अधिकारी) थुली माडोन्सेला यांच्या २०१६ च्या अहवालात आणि मग याच भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या, २०१८ ते २०२२ चाललेल्या झोंडो आयोगापुढे साक्षीपुराव्यासकट आलंय, कुणीही वाचू शकतं.

आणि देखभालीचा मुद्दा तर तंतोतंत. काही वर्षं तिथे धोरणच होतं की काहीही करून दिवे चालू ठेवा, म्हणजे देखभालीसाठी युनिट बंद करायचं नाही, निवडणुकीत अंधार नको. जुनी युनिटं तशीच रेटली. बॉयलरच्या नळ्या कुणाच्या आदेशाने थांबत नाहीत, त्या झिजायच्या तेव्हा झिजतात आणि फुटतात. कर्ज ४०० अब्ज रँडच्या पुढे गेलं आणि २०२३ मध्ये सरकारला २५४ अब्ज रँडचं कर्ज स्वतःच्या अंगावर घ्यायची घोषणा करावी लागली. ते पैसे शाळा दवाखान्यांसाठी वापरता आले असते. म्हणजे वीज कंपनीतला भ्रष्टाचार शेवटी दुसऱ्याच खात्याच्या बजेटमधून वसूल होतो.

सरळ_बोला:

एवढं सगळं वाचून उत्तर एकच दिसतंय, सरकारने कंपन्या चालवायच्याच कशाला? मंत्र्याच्या हातात चेअरमनची नेमणूक आहे तोवर हे होणारच. खाजगी मालकाचे स्वतःचे पैसे असतात, तो बनावट बेअरिंग घेणार नाही. विकून टाका आणि सरकारने फक्त नियम करावेत.

मीनल_क:

@सरळ_बोला, पहिला अर्धा मुद्दा मान्य, नेमणुका हीच मुळाशी गोष्ट आहे. पण विकणार कोण? तोच मंत्री, तीच यंत्रणा. रशियात १९९५ मध्ये कर्जाच्या बदल्यात शेअर्स अशी योजना निघाली, सरकारने बँकांकडून कर्ज घेतलं आणि तारण म्हणून तेल आणि धातूच्या सर्वात मोठ्या कंपन्यांचे शेअर्स ठेवले, कर्ज काही फेडलं नाही, आणि लिलाव चालवायला त्याच बँका. नोरिल्स्क निकेल म्हणजे तेव्हाची जगातली निकेलची सगळ्यात मोठी कंपनी, तिचा ३८ टक्के हिस्सा मूळ बोली १७० दशलक्ष डॉलर असताना १७०.१ दशलक्षला गेला, आणि घेणारी तीच बँक जी लिलाव चालवत होती. म्हणजे टेंडरमधला भ्रष्टाचार दरवर्षी थोडा थोडा खातो आणि असली विक्री एका फटक्यात सगळं देऊन टाकते, परत मिळवायचा रस्ताच राहत नाही.

आणि खाजगी मालक लाच देत नाही हे तर वरच्या उदाहरणांतच खोटं ठरतंय की! पेट्रोब्रासमध्ये लाच देणाऱ्या बांधकाम कंपन्या खाजगीच होत्या, त्यातल्या ओडेब्रेश्टने डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकन कोर्टात कबूल केलं की १२ देशांत मिळून ७८८ दशलक्ष डॉलर लाच दिली, त्यासाठी कंपनीत वेगळं खातं होतं, हिशेब होते, टोपणनावं होती.

दुसऱ्या बाजूला नॉर्वे बघा. तेल कंपनी सरकारचीच, पूर्वीची स्टॅटऑइल आताची इक्विनॉर, ६७ टक्के शेअर्स सरकारकडे. पण १९७२ मध्ये कंपनी काढली तेव्हाच तेलक्षेत्रावर देखरेख करणारं संचालनालय वेगळं काढलं, धंदा एकाकडे आणि तपासणी दुसऱ्याकडे. तिथे पण प्रकरणं होतात, २००३ मध्ये इराणमधल्या एका सल्लागार करारावरून लाचेचं प्रकरण निघालं, आणि चेअरमन आणि सीईओ दोघांना पद सोडावं लागलं. कंपनी सरकारी असूनही वरच्या माणसाला जावं लागलं, मला वाटतं फरक तिथे आहे. मालक कोण यापेक्षा नापास लिहिणाऱ्याची बदली होते का नापास माल घेणाऱ्याची, यावर सगळं ठरतं.

सरळ_बोला:

रशियाचं मान्य, तो लिलाव नव्हताच. पण नॉर्वेसारखी शिस्त किती देशांत आहे? नसेल तिथे सरकारच्या हातात कमी कंपन्या असणं हेच बरं, यावर मी ठाम आहे.

पायरीवर:

कंपन्यांवर बरंच झालं, मी सेवांबद्दल लिहिते कारण शाळा दवाखान्यात नुकसान अजून लपून राहतं, तिथे वीज गेल्यासारखा अंधार एकदम पडत नाही.

युगांडात १९९०च्या दशकात अर्थतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट केली. केंद्र सरकारने शाळांसाठी म्हणून किती पैसे सोडले आणि शाळेच्या वहीत किती जमा झाले हे दोन आकडे शेजारी ठेवले. १९९१ ते १९९५ या काळात सरासरी फक्त १३ टक्के रक्कम शाळेपर्यंत पोचली होती. बाकीची मधल्या जिल्हा पातळीवर गेली, आणि बऱ्याच शाळांना तर काहीच मिळालं नव्हतं, मुख्याध्यापकांना आपल्या शाळेला असं काही अनुदान आहे हेच माहीत नव्हतं! मग सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली, शाळेच्या भिंतीवर लावायला लावलं, आणि २००१ पर्यंत पोचणारं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. सगळं श्रेय वर्तमानपत्राला देता येत नाही असं म्हणणारे अभ्यासक पण आहेत, त्याच काळात पैसे वाटायची पद्धतही बदलली होती, पण कुणाला किती निघाले हे सगळ्यांना कळणं ही त्यातली मोठी गोष्ट होतीच.

काठावरचा, तुमचं ३ टक्क्यांचं गणित इथे पूर्ण उलटं आहे बघा, ८७ टक्के गेले आणि आरडाओरडा झाला नाही, कारण ज्याचं गेलं त्याला आपलं काही होतं हेच ठाऊक नव्हतं.

दवाखान्याचं उदाहरण परत दक्षिण आफ्रिकेचंच, टेम्बिसा हॉस्पिटल. तिथे ५ लाख रँडच्या आतली खरेदी टेंडरशिवाय, नुसत्या कोटेशनवर करता यायची. मग सगळ्या ऑर्डर्स बरोबर ५ लाखांच्या जरा खाली यायला लागल्या, एकामागून एक, वेगवेगळ्या नावाच्या कंपन्यांना. तुकडे पाडून मर्यादेखाली ठेवणं ही पद्धत खरेदीवाल्यांना माहीत असेलच. एका ऑर्डरमध्ये तर दवाखान्याच्या नावावर लहान मुलांच्या २०० जीन्स होत्या. प्रांताच्या आरोग्य खात्यातल्या अर्थविभागाच्या वरिष्ठ अधिकारी बबिता देवकरन यांच्या हे लक्षात आलं, त्यांनी संशयास्पद पैसे थांबवायला सांगितलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांची घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. ६ जणांनी २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला. हे वाचल्यावर पुढच्या अधिकाऱ्याकडून बिल अडवायची अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची? आणि तोपर्यंत वॉर्डातल्या पेशंटला काय सांगतात, तर बजेट नाही.

काठावरचा:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ३ टक्के हा त्या वाकवण्याचा फक्त दर आहे आणि खरा खर्च वाकलेल्या निर्णयांचा, हे आता नीट कळलं. देवकरन यांचं वाचून सुन्न झालो. आता शेवटचं विचारतो, एकदा सडलेली कंपनी परत उभी राहते का? आणि सुरुवात कुठून करायची, वरून का खालून?

कोळशाची_राख:

राहते, निदान काही प्रमाणात. एस्कॉमचंच सांगतो, २०२३ पासून त्यांनी सुधारणेचा कार्यक्रम लावला ज्याचा गाभा अगदी साधा होता, युनिट ठरलेल्या वेळी बंद करून देखभाल करायची, त्यासाठी थोडं लोडशेडिंग झालं तरी चालेल. मार्च २०२४ च्या अखेरपासून जानेवारी २०२५ पर्यंत सलग १० महिने लोडशेडिंग झालं नाही. त्यात लोकांनी आपापल्या छपरावर बसवलेल्या सोलरचाही हात आहे आणि कर्ज सरकारने उचललं त्याचाही, आणि नंतर अधूनमधून परत वीज गेलीच, म्हणून सगळं ठीक झालं असं कुणी समजू नये. पण यंत्रं तीच, कोळसा तोच, इंजिनिअर बरेचसे तेच, फक्त त्यांना युनिट बंद करायची परवानगी मिळाली तरी एवढा फरक पडला.

जुना_खरेदीवाला:

वरून का खालून, तर माझ्या मते दोन्ही टोकं एकाच वेळी धरावी लागतात. वरचं टोक म्हणजे नेमणुका. ब्राझीलने लावा जातोनंतर २०१६ मध्ये सरकारी कंपन्यांसाठी कायदा केला, गेल्या ३६ महिन्यांत पक्षाचं पद किंवा निवडणूक प्रचाराचं काम केलेल्या माणसाला संचालक करता येणार नाही. २०२३ मध्ये ती अट कोर्टातून स्थगित झाली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत वैध ठरवली, म्हणजे ती राजकारण्यांना टोचत होती हे नक्की.

खालचं टोक म्हणजे कागद उघडे करणं. युक्रेनमध्ये प्रोझोरो नावाची प्रणाली आहे, २०१६ पासून सरकारी खरेदीला सक्तीची, टेंडर संपलं की कुणी किती भरलं, कुणाला का बाद केलं, करार काय झाला, सगळं कुणालाही बघता येतं, आणि लोकांनी त्यावर नजर ठेवून तक्रारी करायला डोझोरो म्हणून वेगळी साइट आहे. यातून चोरी थांबली असं नाही, पण स्पेसिफिकेशन एकासाठीच लिहिलंय हे बाहेरच्या पुरवठादाराला दिसतं आणि तो पुराव्यासकट भांडू शकतो. आमच्या वेळी त्याला नुसतं निविदा अपात्र एवढंच कळायचं.

माझ्या हातात असतं तर मी तिसरी एक गोष्ट केली असती. तपासणीचा शेरा लिहिल्यावर तो माल पूर्ण निकालात निघेपर्यंत त्या इंजिनिअरची बदली करायची नाही, आणि शेरा बदलायचा असेल तर ज्याला बदलायचाय त्याने कारण लिहून स्वतःच्या नावाने सही करायची, फोनवर नाही. आम्हाला दिवसभर फोन यायचे, पण लेखी आदेश द्या म्हटलं की बहुतेक जण फोन ठेवून द्यायचे.